पर्यायी आवृत्ती काढावी तर अशी: छपाईच्या कामात वापरलेलं पिलो

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत फोटोंचं किंवा चित्रांचं काम असेल तर पिलो ही लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रामला जोडायचा तयार कोड, घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण का कापला ते पुढे येईलच, आणि तो देवनागरीपायी कापलाय, त्यामुळे मराठीत काम करणाऱ्यांनी तेवढा भाग तरी जरूर वाचावा. पण हे सगळं लिहायला बसले ते पिलो चांगलं चालतं एवढ्यासाठी नाही. पिलो ही मुळात दुसऱ्याच्या लायब्ररीची पर्यायी आवृत्ती आहे, म्हणजे तिचा कोड घेऊन वेगळा चालवलेला फोर्क आहे. चालू असलेल्या किंवा बंद पडलेल्या मॉड्यूलचा फोर्क काढून पीवायपीआयवर, म्हणजे पायथॉन पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यावर, टाकणारे पुष्कळ आहेत. हे काम मूळ लेखकाचा मान राखून आणि वापरणाऱ्यांना त्रास न देता कसं करायचं, याचं पिलोइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

मी सांगलीत असते. छापखाने, फोटो स्टुडिओ आणि फ्लेक्सवाले यांना छोटी सॉफ्टवेअर लिहून देते. शाळेची ओळखपत्रं, वक्तृत्व स्पर्धेची प्रशस्तिपत्रकं, पतसंस्थेच्या सभासदांची कार्डं, सत्काराचे फ्लेक्स. एका बाजूने एक्सेलची यादी आणि फोटोंचं फोल्डर आत जातं, दुसऱ्या बाजूने छापायला तयार पानं बाहेर येतात. मधलं सगळं पिलो करतं: फोटो कापणं, लहानमोठा करणं, नाव टाकणं, रंग बदलणं, एका पानावर कार्डं जुळवणं.

मूळ लायब्ररीचं नाव पीआयएल, म्हणजे पायथॉन इमेजिंग लायब्ररी. स्वीडनच्या फ्रेड्रिक लुंड यांनी 1995 पासून ती घडवली. तिची शेवटची आवृत्ती 1.1.7, ती आली 2009 मध्ये. त्यानंतर काही नाही. लुंड 2021 मध्ये गेले. आजही पिलोच्या आत डोकावलं तर चित्र उघडण्याची, त्याचे मोड, म्हणजे रंगांचे प्रकार, सांभाळण्याची, प्रत्येक फाइल प्रकारासाठी वेगळा प्लगइन, म्हणजे बाहेरून जोडता येणारा भाग, ठेवण्याची जी रचना दिसते ती त्यांचीच. म्हणजे कोड वाईट होता म्हणून फोर्क निघाला असं नाही. कोड उत्तम होता, पण तो वापरणाऱ्याच्या मशीनवर सरळ बसत नव्हता.

तो काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पीवायपीआयवर पीआयएलचं पान होतं, फाइल मात्र दुसऱ्याच साइटवर. पॅकेजं बसवून देणाऱ्या पिप या प्रोग्रामला ती कधी सापडायची, कधी नाही. सापडली तरी तिचा सी भाषेतला कोड आपल्या मशीनवर कम्पाइल करायचा, म्हणजे मशीनला चालवता येईल असा करून घ्यायचा. त्यातच 2011 च्या सुमारास उबुंटू या लिनक्सने लायब्ररी ठेवण्याच्या जागा बदलल्या. पीआयएलची सेटअप स्क्रिप्ट जेपेगची लायब्ररी जुन्याच जागी शोधायची, ती तिथे नसायची, आणि तरीही इन्स्टॉल झालं असं सांगून मोकळी व्हायची. मग पहिला जेपेग फोटो उघडायला गेलं की एरर: डीकोडर जेपेग नॉट अव्हेलेबल. त्यावरचा उपाय म्हणजे रूट होऊन, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार घेऊन, लायब्ररीची सिमलिंक, म्हणजे खऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल, जुन्या जागी टाकायची आणि पीआयएल पुन्हा कम्पाइल करायचं. फोटोच्या लायब्ररीत जेपेग उघडत नाही, हे नवख्या माणसाला कसं समजावणार?

जेफ्री क्लार्क यांनी 2010 मध्ये पिलो काढलं ते एवढ्याच दुखण्यावर. पॅकेज नीट बांधायचं, पिपने सरळ बसेल असं करायचं. त्यांनी केलेल्या निवडी मी मुद्दाम तपशिलाने सांगते, कारण आपल्यापैकी कुणीही उद्या एखाद्या मॉड्यूलची आपली आवृत्ती प्रसिद्ध करणार असेल तर नेमके हेच प्रश्न समोर येतात.

पॅकेजचं नाव त्यांनी वेगळं ठेवलं. पीवायपीआयवर पीआयएल हे नाव मूळ लेखकाचंच राहिलं. पण कोडमध्ये इम्पोर्ट करताना, म्हणजे लायब्ररी बोलावून घेताना, मॉड्यूलचं नाव पीआयएलच ठेवलं. आजही पिलो बसवलेला माणूस फ्रॉम पीआयएल इम्पोर्ट इमेज असंच लिहितो. घरात राहणारे बदलले, पण पत्र जुन्याच पत्त्यावर येतं. जगभर पडलेला हजारो प्रोग्रामांचा कोड एका ओळीचाही बदल न करता चालत राहिला तो या निर्णयामुळे. जुन्या पीआयएलमध्ये नुसतं इम्पोर्ट इमेज असंही चालायचं. ती पळवाट पिलोने पहिल्याच आवृत्तीपासून बंद केली, आणि तेही बरोबरच. इमेज इतकं सर्वसाधारण नाव एका लायब्ररीने सगळ्या मशीनवर अडवून ठेवणं योग्य नव्हतं.

परवान्याची फाइल उघडून बघा. सर्वांत वर सीक्रेट लॅब्ज या लुंड यांच्या कंपनीचं नाव, मग 1995 पासूनचं लुंड यांचं, आणि त्याखाली 2010 पासूनचं क्लार्क आणि इतर योगदानकर्त्यांचं. परवाना मूळचाच मोकळा ठेवला. दस्तऐवजांतही पीआयएलबद्दल एक वाकडा शब्द नाही. मूळ लायब्ररीची नवी आवृत्ती येण्याची शक्यता वर्षागणिक कमी होतेय, पण ती बंद झाली असं अधिकृतपणे कुणी सांगितलेलं नाही, अशा अर्थाचं एक वाक्य तिथे कितीतरी वर्षं होतं. दुसऱ्याच्या कामावर उभं राहताना इतकी अदब मला फार मोलाची वाटते.

यापुढची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. सुरुवातीची दोन-अडीच वर्षं त्यांनी चित्रांच्या कोडला जवळजवळ हातच लावला नाही. फक्त बांधणी सुधारली. पायथॉन 3 वर चालणारं पिलो 2.0.0 आलं ते मार्च 2013 मध्ये, आणि तोवर लोकांचा विश्वास बसलेला होता. बहुतेक फोर्क याच्या उलटं करतात. पहिल्याच दिवशी फंक्शनांची नावं बदलतात, सगळं नव्याने मांडतात, मग जुन्याकडून नव्याकडे यायचं तर आपला सगळा कोड पुन्हा लिहावा लागतो. कोण येणार? वेबसाइट बनवायच्या जॅंगो या फ्रेमवर्कमध्ये चित्रांसाठी इमेजफील्ड वापरायचं तर आज पिलो लागतंच. हे स्थान जाहिरात करून मिळालेलं नाही.

या निवडीची किंमतही आहे. पीआयएल आणि पिलो एकाच ठिकाणी राहू शकत नाहीत, जुनं काढूनच नवं घालावं लागतं. पिलोच्या बाबतीत ते सहज पचलं, कारण जुनं थांबलेलं होतं. दुसरीकडे हीच पद्धत कुठे अडते ते पुढे सांगते.

आता प्रत्यक्ष कामाचं.

शाळेकडून फोटो येतात ते शिक्षकांनी मोबाइलवर काढून व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेले. मोबाइल फोटो आडवाच साठवतो आणि फाइलच्या एक्झिफ माहितीत फक्त लिहून ठेवतो की हा फिरवून दाखवा. मोबाइलवर सरळ दिसतो, कार्डावर मूल आडवं झोपलेलं येतं. पिलोच्या इमेजऑप्स भागात एक्झिफ ट्रान्सपोज नावाचं फंक्शन आहे, 2019 च्या 6.0 पासून. फोटो उघडला की पहिली ओळ हीच. जुन्या पीआयएलमध्ये हे नव्हतं. फोर्क नुसता जिवंत असून भागत नाही, त्याने काळाबरोबर चालावं लागतं, त्याचा हा रोजचा पुरावा.

रंगांच्या बाबतीत एक सूचना. छापखान्याला सीएमवायके, म्हणजे चार शाईंच्या हिशेबातले रंग, लागतं, आणि पिलोत कन्व्हर्ट म्हटलं की सीएमवायके मिळतंही. पण ते नुसतं गणित आहे, त्यात प्रोफाइल, म्हणजे मशीन कुठला रंग कसा छापतं याची नोंद, नाही. त्वचेचा रंग मळकट येतो. इमेजसीएमएस वापरून छापखान्याच्या मशीनचं प्रोफाइल लावा, फरक डोळ्याला दिसतो.

आणि आता देवनागरी.

पिलोमध्ये मजकूर मांडण्याच्या दोन पद्धती आहेत. एक बेसिक, एक राक्म. बेसिक पद्धत युनिकोडची अक्षरं ज्या क्रमाने टाइप केली त्याच क्रमाने एकेक करून ठेवत जाते. इंग्रजीला तेवढं पुरतं. मराठीत 'विद्यार्थी' हा एक शब्द घ्या, प्रत्येक ओळखपत्रावर असतोच. बेसिकमध्ये पहिली वेलांटी 'व'च्या आधी यायची ती नंतर येते आणि 'द'च्या डोक्यावर बसते. 'द्य' जोडाक्षर होत नाही, 'द'चा पाय मोडून शेजारी अख्खा 'य' उभा राहतो. रफार तर नाहीच, पाय मोडलेला 'र' तसाच मधे लटकतो. कुणा मुलाचं आडनाव गोऱ्हे असेल तर विचारायलाच नको.

राक्म पद्धत 2017 मध्ये 4.2 या आवृत्तीत आली. तिच्यामागे हार्फबझ हे इंजिन काम करतं, ते फाँटमधले नियम वाचून जोडाक्षरं, रफार, वेलांट्या जागच्या जागी बसवतं. राक्म चालू असेल तर 'विद्यार्थी' पण नीट येतो आणि 'गोऱ्हे' पण. एवढं झाल्यावर मला वाटलं काम संपलं. पण मी ज्यांच्यासाठी काम करते त्या छापखान्याचे आप्पा खिळे जुळवण्याच्या काळापासून या धंद्यात आहेत. त्यांनी प्रूफ हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, कागद अगदी नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "ताई, शब्द बरोबर आहेत, पण हा ल हिंदी पुस्तकातला आहे. श पण बघा."

बरोबर होतं त्यांचं. मराठीतला 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. चांगल्या युनिकोड फाँटांत दोन्ही रूपं भरलेली असतात, मजकूर कुठल्या भाषेचा आहे ते सांगितलं की फाँट योग्य रूप देतो. पिलोत मजकूर टाकण्याच्या फंक्शनला लँग्वेज म्हणून एक पॅरामीटर आहे, 6.0 पासून. तिथे मराठीचा एमआर हा कोड दिला. पुढच्या प्रूफात 'शाळा' या शब्दाचा 'श' आणि 'पाटील'मधला 'ल' दोन्ही आपल्या वळणाचे आले. आप्पांनी ते पान बाजूला काढून कामगारांना दाखवायला ठेवलं. सगळे फाँट हे करत नाहीत, ज्यात मराठीची वेगळी रूपं दिलेली आहेत तेच करतात, तेव्हा फाँट निवडताना 'लशकर' असं काहीतरी लिहून आधी तपासा. हा पॅरामीटर राक्मशिवाय चालत नाही.

आता तो अर्धा गुण. पिलोचं तयार पॅकेज बसवलं की 8.2 पासून राक्म आणि हार्फबझ त्याच्याबरोबरच येतात. पण राक्मला फ्रीबिडी नावाची आणखी एक लायब्ररी लागते आणि ती मशीनवर आपण स्वतः ठेवायची असते. लिनक्सवर ती बहुतेक वेळा असते, नसली तर एका कमांडचं काम. विंडोजवर मात्र फ्रीबिडीची डीएलएल फाइल मिळवून योग्य फोल्डरमध्ये ठेवावी लागते, आणि आपल्याकडचे छापखाने झाडून सगळे विंडोजवर. ती नसेल तर पिलो गुपचूप बेसिक पद्धतीवर जातं. मजकुराला लँग्वेज दिलेलं नसेल तर प्रोग्राम थांबत नाही, कार्डं तयार होत राहतात, फक्त त्यांच्यावरचं मराठी मोडलेलं असतं. जगातल्या कोट्यवधी लोकांची लिपी ज्या सोयीवर अवलंबून आहे ती इतकी आडवळणाला ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दस्तऐवजांत हे सगळं लिहिलेलं आहे, पण शोधावं लागतं. माझ्या प्रत्येक प्रोग्रामची सुरुवात आता फीचर्स चेक करून होते: राक्म आहे का? नसेल तर एकही पान बाहेर पडत नाही, पडद्यावर ठळक सूचना येते. तुम्हीही हेच करा.

नव्या आवृत्त्यांचं वेळापत्रक हा पिलोचा आणखी एक मोठा गुण. वर्षातून चार तारखा ठरलेल्या: 2 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 15 ऑक्टोबर. फुकट काम करणाऱ्या माणसांनी इतकी शिस्त पाळावी याचं मला मनापासून कौतुक आहे. माझ्या धंद्यात यातली जुलैची तारीख नाजूक. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि ओळखपत्रांची सगळी धांदल जुलैत. म्हणून मी मे महिन्यात व्हर्जन पिन करते, म्हणजे एकाच आवृत्तीवर पक्कं करून ठेवते, आणि दिवाळीच्या सुट्टीशिवाय हलवत नाही.

2023 हे वर्ष या बाबतीत शिकण्यासारखं होतं. 1 जुलैला 10.0.0 आलं आणि त्यात काही जुनी नावं कायमची गेली. अँटीएलियस हे त्यातलं सर्वांत वापरातलं. फोटो लहान करताना तेच लिहायची सवय अख्ख्या जगाला होती. त्याच्या जागी लँक्झॉस लिहायचं. मजकुराचं माप देणारं टेक्स्टसाइजही गेलं, त्याऐवजी टेक्स्टबीबॉक्स. ज्यांनी व्हर्जन पिन केलं नव्हतं त्यांचे प्रोग्राम जगभर एका रात्रीत थांबले, कितीतरी दुसऱ्या लायब्रऱ्याही त्यात होत्या. पण हे अचानक झालं नव्हतं. अँटीएलियस जाणार ही सूचना 9.1 पासून, म्हणजे एप्रिल 2022 पासून, प्रोग्राम चालवताना दिसत होती. सव्वा वर्ष आधी सांगून मग काढलं, याला मी अन्याय म्हणणार नाही. शिवाय टेक्स्टबीबॉक्स आपल्या लिपीला जास्त उपयोगी. वरच्या मात्रा आणि खालचे उकार धरून खरी चौकट मिळते, नाव कार्डाच्या मधोमध बसवताना अंदाज लावावा लागत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वेबपी प्रकारची चित्रं उघडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीत सुरक्षेचं गंभीर छिद्र सापडलं, ब्राउझरपासून सगळ्यांना धावपळ करायला लावणारं. पिलोच्या तयार पॅकेजमध्ये ती लायब्ररी आतच असते, त्यामुळे दुरुस्त पॅकेज देणं ही त्यांची जबाबदारी. त्यांनी ठरलेल्या तारखेची वाट न बघता लगेच 10.0.1 काढलं. दुरुस्ती जुन्या 9.5 ला मात्र मिळाली नाही, पुढे जाणं हाच मार्ग होता. दिवस गणपतीचे, फ्लेक्सवाल्यांकडे मान वर करायला फुरसत नाही. पण सूचना बघून मी नावं आधीच बदललेली होती, संध्याकाळपर्यंत सगळी मशीनं नव्या आवृत्तीवर गेली. पिन करायचं, पण सूचना वाचत राहायचं, दोन्ही हवं.

आता पिलोच्याही फोर्कबद्दल. पिलो-सिमडी नावाचं एक पॅकेज आहे, अपलोडकेअर कंपनीत अलेक्झांडर कार्पिन्स्की यांनी सुरू केलेलं. पिलोचाच कोड, पण फोटो लहानमोठा करणं, अस्पष्ट करणं अशा जड कामांसाठी इंटेल आणि एएमडी प्रोसेसरच्या खास सूचना वापरून पुन्हा लिहिलेला. त्यांच्या स्वतःच्या मोजमापांत पिलोपेक्षा चार-पाच पट वेग दिसतो. मोठ्या शाळेच्या फोटोंवर चालवलं तेव्हा वेगातला फरक मलाही जाणवला. काम अव्वल आहे यात शंका नाही. कार्पिन्स्की यांनी मूळ पिलोतलं रिसाइझही खूप सुधारलंय, म्हणजे फोर्क काढून पाठ फिरवली असंही नाही. आवृत्त्यांचे क्रमांकही प्रामाणिक: ज्या पिलोवर आधारलेलं त्याचाच आकडा आणि पुढे पोस्ट वन, पोस्ट टू. कशावर आधारलेलं आहे ते वाचणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं.

तरीही छापखान्याच्या मशीनवर मी ते ठेवत नाही. तयार पॅकेज मिळत नाही, कम्पाइल करावं लागतं. ॲपलच्या नव्या चिपवर त्याचा उपयोग नाही. 9.5 च्या शाखेनंतर ते मागे राहिलं, मूळ पिलो मात्र 10, 11 असं पुढे गेलं, म्हणजे पिलोच्या कोडमधल्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याच्यापर्यंत उशिरा येणार. पण यापेक्षा मोठी अडचण पिपमध्ये आहे आणि ती सगळ्याच पर्यायी आवृत्त्यांना भोवते. पिलो-सिमडीचंही इम्पोर्टचं नाव पीआयएल. समजा तुम्ही ते बसवलं आणि नंतर दुसरं काहीतरी बसवलं, ज्याला पिलो हवं. पिप बघतं की पिलो नावाचं पॅकेज नाही. त्याच्या जागी तेच काम करणारं दुसरं आहे हे त्याला समजत नाही. हे पॅकेज त्या पॅकेजच्या बदली चालेल, असं लिहायची जागा पायथॉनच्या पॅकेजच्या माहितीत आहे, पण पिप ती वाचत नाही. मग ते पिलो आणतं आणि त्याच फोल्डरमध्ये फाइलींवर फाइली टाकतं. कुठली फाइल कुणाची हे मग कुणालाच सांगता येत नाही. ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या दुसऱ्या लायब्ररीच्या चार पॅकेजांचंही असंच, चारांपैकी एकच ठेवा असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मूळ थांबलेलं असेल तर जुना पत्ता घेणं योग्य, मूळ चालू असेल तर तोच पत्ता घेतल्याने घरात दोन चुली होतात.

आणि प्रत्येक गोष्टीला फोर्क लागतोच असं नाही. आयफोनचे एचईआयसी फोटो पिलो स्वतः उघडत नाही. त्यासाठी पिलो-हेइफ म्हणून प्लगइन आहे. एक ओळ लिहून नोंदवलं की पिलोच ते फोटो उघडायला लागतं. लुंड यांनी पहिल्यापासून प्लगइनची जागा ठेवली होती म्हणून हे शक्य झालं. शाळेतल्या कुणा पालकाचा आयफोन असतोच, तेव्हा हे बसवून ठेवा.

फोर्कचा आणखी एक शेवट होऊ शकतो, तोही सांगते. पीडीएफ जोडायला मी पायपीडीएफ वापरते. मूळ पायपीडीएफ थांबलं, मग त्याचा फोर्क पायपीडीएफ2 निघाला, पुढे कुणी 3 काढलं, कुणी 4. नवीन माणसाला वाटायचं मोठा आकडा म्हणजे नवीन, आणि तसं मुळीच नव्हतं. शेवटी 2022 च्या डिसेंबरात पायपीडीएफ2 चं काम पुन्हा मूळ पायपीडीएफ या नावाखाली आणलं गेलं, आणि आज तेच चालू आहे. फोर्क मूळ नावाच्या घरी परत गेला.

माझंही एक छोटं पॅकेज आहे म्हणून हे मनाला भिडतं. छापखान्यांत श्री-लिपी, शिवाजी अशा जुन्या फाँटांतला मजकूर वर्षानुवर्षांचा पडलेला असतो, तो युनिकोडमध्ये आणणारं एक मॉड्यूल मी वापरायचे. त्यात रफाराची चूक होती. लेखकाला दुरुस्ती पाठवली, बराच काळ उत्तर आलं नाही. मग पिलोचे धडे समोर ठेवून आपली आवृत्ती काढली: पॅकेजचं नाव वेगळं, मूळ लेखकाचं नाव परवान्यात वर, फंक्शनांची नावं जशीच्या तशी, पहिल्याच ओळीत हे कशाचं फोर्क आहे आणि का. एक गोष्ट मात्र पिलोपेक्षा वेगळी केली. मूळ पॅकेज बंद झालंय असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून इम्पोर्टचं नावही वेगळं ठेवलं. पुढे त्या लेखकाचा निरोप आला, घरच्या आजारपणामुळे लक्ष नव्हतं म्हणाले, आणि दुरुस्त्या त्यांनी आपल्या पॅकेजमध्ये घेतल्या. माझ्या पॅकेजच्या पानावर आता लिहिलंय की मूळ वापरा.

पर्यायी आवृत्ती बसवताना डोळे उघडे ठेवा, हे मी ओळखीच्या मुलांना आवर्जून सांगते. 2019 च्या डिसेंबरात पीवायपीआयवर दोन बनावट पॅकेजं सापडली. एकाचं नाव डेटयूटिल या प्रसिद्ध पॅकेजच्या पायथॉन 3 आवृत्तीसारखं. दुसरं जेलीफिशच्या नावाचं, फक्त त्यात इंग्रजी छोट्या एलच्या जागी मोठा आय घातलेला. बहुतेक फाँटांत ओळखूच येत नाही. ते लोकांच्या एसएसएच आणि जीपीजी किल्ल्या, म्हणजे दुसऱ्या मशीनवर शिरायच्या आणि डिजिटल सहीच्या गुप्त फाइली, चोरत होतं. मूळ कुठलं, फोर्क कुणाचा, कोड कुठे आहे, बदल काय केले, हे पानावर स्वच्छ लिहिलेलं नसेल तर ते पॅकेज मशीनवर घेऊ नका. पिलोच्या पानावर यातलं सगळं मिळतं.

पिलोच्या कामाला 2019 पासून टाइडलिफ्टचा, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना पैसे मिळवून देणाऱ्या कंपनीचा, आधार आहे. छापखान्यांना बिल लावताना मी आता पिलोसारख्या लायब्रऱ्यांसाठी वेगळी रक्कम बाजूला काढते आणि वर्षाअखेरीस देणगी पाठवते. आप्पांना एकदा त्याबद्दल सांगितलं, तर त्यांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही. कागद फुकट येत नाही, शाई येत नाही, मग हे तरी का यावं, म्हणाले.

एका कामासाठी मात्र पिलो घेऊ नका. साधारण नऊ कोटी पिक्सेलपर्यंतचं चित्र पिलो निमूट उघडतं, त्यापुढे सावध करतं, आणि त्याच्या दुपटीच्या पुढे उघडायलाच नकार देतं, कारण लहानशा फाइलीत अवाढव्य चित्र दडवून मशीन बंद पाडता येतं. संरक्षण रास्त आहे. पण दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स 100 डीपीआयला, म्हणजे इंचाला 100 पिक्सेल, धरला तरी 12000 बाय 24000, म्हणजे जवळपास 29 कोटी पिक्सेल होतात. मर्यादा वाढवता येते, पण पिलो सगळं चित्र एकदम मेमरीत घेतं आणि फ्लेक्सवाल्याचं जुनं मशीन गुडघे टेकतं. अशा चित्रांसाठी मी लिबव्हिप्स ही दुसरी लायब्ररी वापरते, ते तुकड्या-तुकड्याने वाचतं. त्यातही नाव आणि मजकूर टाकायचा असेल तर ती पट्टी पिलोवर बनवून घेते आणि लिबव्हिप्समध्ये जोडते.